डक्टला लागून असलेलं स्वयंपाकघर आणि चार अल्ट्रासॉनिक यंत्रं: डोंबिवलीतल्या एका घराचं प्रकरण

गॅसच्या नळीवर दातांचे ठसे दिसले, म्हणून मला या घरी बोलावणं आलं. नळी फुटलेली नव्हती. ती आयएसआय मार्कची नारिंगी ‘सुरक्षा’ नळी होती, आत तारेची वीण असलेली. वरचं रबर दोन ठिकाणी कुरतडून तार उघडी पडली होती. साधी रबरी नळी असती तर काय झालं असतं, हा विचार घरातल्या प्रत्येकाच्या मनात येऊन गेला होता आणि सगळेच हादरले होते. त्याच ओट्यावर, नळीपासून हातभर अंतरावर, सॉकेटमध्ये उंदीर पळवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा उंच आवाज काढणारं यंत्र, चालू होतं. त्याचा निळा दिवा लागलेला होता.

कल्याण-डोंबिवली पट्ट्यात सोसायट्यांसाठी पेस्ट कंट्रोलच्या पाहणीचं काम मी करतो. अशी यंत्रं मला दर चार-पाच घरांमागे एका घरात दिसतात. पण हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या कुटुंबाने यंत्र अगदी नीट, पेटीवरच्या सूचनांप्रमाणे वापरलं होतं आणि पुढे तपासणीतही मनापासून साथ दिली. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे, नावं मात्र देत नाही.

इमारत डोंबिवली पूर्वेची, १९८०च्या दशकातली, चार मजली. तळमजल्यावर किराणा दुकान, मागे अरुंद गल्ली, गल्लीत उघडी गटारं. यांचं घर पहिल्या मजल्यावर. घरात नवरा-बायको, सातवीतली मुलगी आणि सासरे. स्वयंपाकघराची मागची भिंत डक्टला लागून आहे आणि त्या डक्टमधून चारही मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप खाली उतरतात. ही एक ओळ लक्षात ठेवा, पुढचं जवळजवळ सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

उंदरांचा त्रास जूनच्या शेवटी सुरू झाला. पहिला मोठा पाऊस झाला की गटारातली आणि गल्लीतली बिळं पाण्याने भरतात आणि उंदीर कोरडी जागा शोधत वर येतात. आमच्याकडचे फोन दरवर्षी त्याच सुमारास वाढतात. आधी कांदे-बटाट्यांच्या टोपलीत कुरतडलेले बटाटे सापडले, मग ट्रॉलीत लेंड्या दिसल्या. घरातल्या वहिनींनी विष ठेवायला साफ नकार दिला.

“सासऱ्यांना नीट दिसत नाही, पोरगी सगळीकडे हात घालते. आणि गणपतीत ज्याच्यापुढे हात जोडायचे त्याला पावसाळ्यात तडफडवून मारायचं, हे मला नाही जमत हो,” त्या म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. उंदीर मारायची जी पेस्ट पूर्वी कुठल्याही दुकानात सहज मिळायची, तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. तो माणसाच्या पोटात गेला तर यकृत निकामी होतं आणि त्याच्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या त्या मानाने सावकाश काम करतात. त्या रक्त गोठू देत नाहीत आणि वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के देऊन उपचार करता येतो. पण वडी खाल्लेला उंदीर तिथल्या तिथे मरत नाही, काही दिवसांनी मरतो, तोही डक्टमध्ये नाहीतर ट्रॉलीच्या मागे. मग घरभर वास. म्हणजे विष नको आणि हिंसा नको, या दोन रास्त इच्छांपोटी यंत्र घरात आलं. बहुतेक घरांत ते असंच येतं. म्हणून यंत्र घेणाऱ्यांना कुणी भोळं ठरवलं की मला वाईट वाटतं. त्यांना हवं असतं ते योग्यच असतं.

यंत्र ऑनलाइन मागवलं होतं. पेटीवर उंदीर, झुरळ, पाल, डास, कोळी, मुंगी अशी सगळी चित्रं होती आणि हजारभर चौरस फुटांच्या घराला एक यंत्र पुरेल असं लिहिलं होतं. ‘सीई’चा शिक्काही होता. हा शिक्का उत्पादकाने उपकरण युरोपच्या सुरक्षा वगैरे नियमांत बसतं असं स्वतः जाहीर केल्याचा असतो. उंदीर पळतो की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पण घेणाऱ्याला कुणीतरी तपासून दिल्यासारखं वाटतं.

पहिले काही दिवस खरोखर शांततेत गेले. रात्रीची खुडबुड थांबली, बटाटे शाबूत राहिले. वहिनींनी मैत्रिणींना सांगितलं, उत्पादनाच्या पानावर पाच तारेही दिले. आठवड्याभराने पुन्हा आवाज यायला लागले. तेव्हा घरात चर्चा झाली की एक यंत्र कमी पडत असेल, आणि आणखी तीन आली. चारही चालू असताना गॅसची नळी कुरतडली गेली.

पाहणीत काय दिसलं

सर्वांत आधी लेंड्या पाहिल्या. सव्वा सेंटिमीटरच्या आसपास लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या. म्हणजे घूस नव्हे, पाइप आणि वायरींवरून सराईतपणे चढणारा घरउंदीर. घुशीच्या लेंड्या याहून मोठ्या असतात, आणि घूस सहसा जमीन पोखरत येते, वर चढत नाही. चिचुंद्री असण्याचीही शंका घरच्यांना होती, पण ती कीटक खाणारी, बटाटे आणि रबर कुरतडणं तिचं काम नाही. लेंड्यांमध्ये जुन्या राखाडी, ठिसूळ होत्या तशा ताज्या, काळ्या, ओलसर चमक असलेल्याही होत्या. ताज्यांपैकी काही थेट ओट्यावरच्या यंत्राखाली, मिक्सरच्या मागे पडल्या होत्या. त्या कागदावर घेऊन मी सगळ्यांना दाखवल्या. काका, म्हणजे सासरे, बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

मग सिंकखालच्या ट्रॉलीचा पुढचा पट्टा काढला. आत बॅटरी मारली तेव्हा सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे पाइपाभोवतीचं प्लास्टर उडालेलं दिसलं. बाहेरून गोल प्लास्टिकची चकती बसवलेली, ती एका बाजूने कुरतडून टाकलेली. भोक फार मोठं नव्हतं, दोन बोटं जेमतेम जातील एवढं. पण घरउंदराला अर्ध्या इंचाची फटही पुरते, कवटी आत गेली की बाकीचं अंग तो ओढून घेतो. भोकाच्या खालच्या कडेला आणि पाइपाच्या वरच्या अंगाला तेलकट काळपट पट्टा उमटला होता. रोज त्याच वाटेने अंग घासत जाणाऱ्या उंदराच्या केसांतलं तेल आणि मळ तिथे बसतो. पट्ट्यावर बोट फिरवलं तर बोट काळं झालं. म्हणजे वाट जिवंत होती.

एक साधी खात्री आणखी केली. वर्तमानपत्राचा बोळा भोकात सैल खोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्रॉलीत पडलेला मिळाला, भिंतीकडून घराच्या आत ढकललेला. म्हणजे उंदीर राहायला डक्टमध्ये किंवा गल्लीत होते आणि रात्री फक्त जेवायला घरात येत होते. पुढे उपाय ठरवताना ही माहिती सोन्यासारखी ठरली.

आवाज पोचतो कुठवर

यंत्राचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून तो सर्वत्र भरून राहतो अशी समजूत होते. वस्तुस्थिती उलट आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही तरुणपणी. उंदराचा कान ७०-८० किलोहर्ट्झपर्यंत जातो. त्यामुळे ही यंत्रं ज्या पट्ट्यात वाजतात तो पट्टा उंदराला ऐकू येतो, यात वाद नाही. वाद आहे तो आवाज त्याच्यापर्यंत पोचतो का आणि पोचला तर तो काय करतो, याचा.

४० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असते. इतका बारीक तरंग अडथळ्याला वळसा घालून जात नाही. तो टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जातो, समोर फ्रिज आला की मागे सावली पडते. बंद दार, ट्रॉलीचं प्लायवूड, पडदा, गादी, कपड्यांचा ढीग, यांच्यापलीकडे तो जवळजवळ काहीच जात नाही. भिंतीपलीकडे तर नाहीच. त्यात हवाही तो शोषून घेते. अंतर दुप्पट झालं की कुठल्याही आवाजाची पातळी साधारण सहा डेसिबलने उतरते, आणि या उंच पट्ट्यात त्याखेरीज दर मीटरला एक डेसिबलहून जास्त हवेत जिरतो. हजार चौरस फुटांचा हिशोब मोकळ्या, रिकाम्या सभागृहात कदाचित मांडता येईल. आपल्या स्वयंपाकघरात ओटा, ट्रॉल्या, फ्रिज, पिंप, डब्यांची मांडणी, सिलिंडर. उंदीर ज्या जागांतून फिरतो त्या सगळ्या आवाजाच्या सावलीतल्या.

या घरात चार यंत्रं होती. एकाच्या समोर फ्रिजची बाजू, दुसरं सोफ्याच्या मागे, तिसरं बेडरूममध्ये पलंगाच्या पायाशी. चौथं ओट्यावरचं, त्याची जागा खरोखर चांगली होती, समोर मोकळा ओटा. आणि नळी कुरतडली गेली ती नेमकी त्याच ओट्यावर. म्हणून इथे फक्त ‘आवाज पोचला नाही’ एवढं सांगून भागत नाही.

ऐकू येऊनही उंदीर का थांबला नाही

उंदरांचं स्वतःचं बोलणं मोठ्या प्रमाणात याच पट्ट्यात चालतं, ही गोष्ट यंत्राच्या जाहिरातीत कधी येत नाही. मोठे उंदीर भीती वाटली की २२ किलोहर्ट्झच्या आसपास लांब हाका देतात, खेळताना आणि आनंदात ५० किलोहर्ट्झच्या आसपास बारीक चिवचिव करतात. बिळाबाहेर पडलेली पिल्लं आईला ४० किलोहर्ट्झच्या आसपास साद घालतात आणि आई त्या आवाजाच्या दिशेने धावते. म्हणजे हा पट्टा उंदरांसाठी रोजच्या वापरातला आहे, तो मुळातच भयंकर असायला काही कारण नाही. त्यात तोच तो स्वर रात्रंदिवस वाजत असेल आणि त्याच्यापाठोपाठ वाईट काहीच घडत नसेल, तर काही दिवसांत उंदीर त्याची दखल घेणं सोडतो. रेल्वेलाइनजवळ राहणाऱ्या डोंबिवलीकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग पहिले काही दिवस शांतता का होती? वहिनींचा प्रश्न हाच होता, आणि तो अगदी बरोबर होता. त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं.

घरउंदीर नव्या वस्तूला घाबरतो. ओळखीच्या वाटेवर काहीही नवं आलं, मग तो पिंजरा असो, नवा डबा असो की सरकवलेला स्टूल, तो काही रात्री लांब राहतो, दुरून वास घेतो, मग थोडं थोडं जवळ येतो. या स्वभावामुळेच तो माणसांच्या सोबतीने इतकी शतकं टिकला. नवं यंत्र, त्याचा दिवा, त्याचा आवाज, आणि ते लावताना हलवलेलं सामान, या सगळ्याने तो काही रात्री बिचकला. यंत्र न लावता नुसता दिव्याचा डबा लावला असता तरी असंच झालं असतं, असं मी म्हणालो. तेव्हा मुलीने विचारलं, “मग यंत्र बंद करून बघूया का?”

चाचणी

तिच्या या प्रश्नामुळे घरातल्या घरात करता येईल अशी चाचणी झाली. सिंकखाली, ओट्याच्या कडेला आणि फ्रिजच्या मागे जमिनीवर टाल्कम पावडरचे पातळ पट्टे पसरले. काही रात्री चारही यंत्रं चालू ठेवायची, मग तितक्याच रात्री बंद, मग पुन्हा चालू. बाकी काही बदलायचं नाही, टोपली जागच्या जागी, भोक उघडं. सकाळी ओटा पुसायच्या आधी मुलगी बॅटरी घेऊन पट्टे पाहायची, वहीत नोंद करायची आणि पावडर नव्याने पसरायची. खाण्याचा अंदाज यावा म्हणून शेंगदाण्यांची एक वाटी रोज मोजून ठेवली. गॅसची नळी पहिल्याच दिवशी बदलली होती आणि रात्री रेग्युलेटर बंद ठेवायचं ठरलं होतं, त्यामुळे थांबून बघायला धोका नव्हता.

पावडरमधले ठसे फार बोलके असतात. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मधून शेपटी घासत गेल्याची बारीक नागमोडी रेघ. सिंकखालच्या पट्ट्यावर यंत्रं चालू असतानाही ठसे होते, बंद असतानाही होते. शेंगदाणे दोन्ही वेळा जवळपास सारखेच संपत होते. ओट्याच्या कडेला, यंत्राच्या अगदी समोर, दोन्ही वेळा ठसे कमी होते. पण ते तिथे नेहमीच कमी असतात, कारण उंदीर मोकळ्या जागेतून जायचं टाळतो आणि भिंतीच्या आडोशाने जातो.

एका घरातल्या काही रात्रींवरून सगळ्या यंत्रांबद्दल निकाल देता येत नाही, हे मी त्या कुटुंबालाही सांगितलं. पण या घरातला प्रश्न ‘आपल्याकडे हे चालतंय का’ एवढाच होता, आणि त्याचं उत्तर त्या वहीत होतं.

इतरांचा अनुभव काय सांगतो, तेही पाहू. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी व्यापार आयोगाने मे २००१मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६०हून अधिक कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. परिणामाचे दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा हवा, असा त्यांचा आशय होता. उंदरांवर काही परिणाम झालाच तर तो तात्पुरता असतो, ते आवाजाला सरावतात, हेही आयोगाने तेव्हा नोंदवलं होतं. प्रयोगशाळेतल्या आणि गोदामांतल्या काही चाचण्यांत उंदरांची ये-जा अंशतः कमी झाल्याचं दिसलं आहे, विशेषतः आवाज मोठा आणि बदलता असेल तर. पण जिथे अन्न आहे आणि यायची सवय लागलेली आहे, तिथून ते कायमचे गेले असं त्यातून निघत नाही. डासांचं चित्र तर आणखी स्पष्ट आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७च्या आढाव्यात दहा क्षेत्रीय चाचण्या तपासल्या गेल्या आणि आवाजाच्या यंत्रांनी डास चावणं कमी होतं याचा पुरावा मिळाला नाही. एकाच पेटीवर डास आणि उंदीर शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून हेही सांगायला हवं.

मग अशी यंत्रं बाजारात येतात कशी? अमेरिकेत उंदरांचं विष विकण्याआधी नोंदणी लागते, पण अशा उपकरणांना ती लागत नाही, त्यामुळे परिणामाचा पुरावा विक्रीआधी कुणी मागत नाही. आपल्याकडे कीटकनाशक अधिनियम, १९६८ आहे, तोही पदार्थांसाठी. विषाची वडी विकायची तर नोंदणी लागते, भिंतीतल्या यंत्राला लागत नाही. उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, ज्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. या कुटुंबाची यंत्रं परत करायची मुदत उलटून गेली होती. तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा असं मी आग्रहाने सांगितलं. पैसे मिळोत न मिळोत, नोंद झाली पाहिजे. आणि पाच तारे दिलेत ना, ते बदला, हेही सांगितलं. वहिनींनी त्याच संध्याकाळी ते बदलले आणि पहिला आठवडा व त्यानंतरचे आठवडे असं दोन्ही लिहिलं. अशा प्रतिक्रिया फार कमी लिहिल्या जातात. लोक पहिल्या आठवड्यातच लिहून मोकळे होतात.

काकांचा आक्षेप शिल्लक होता. “तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे हेच यंत्र आहे. त्यांच्याकडे एक उंदीर नाही. ते काय म्हणाल?”

आम्ही वर जाऊन पाहिलं. त्यांनी मागच्या वर्षी स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं होतं, पाइपाभोवती सिमेंट भरलेलं होतं, सिंकखाली ग्रॅनाइटची पट्टी अगदी घट्ट बसवलेली. यंत्र त्यांनी नंतर, खबरदारी म्हणून लावलं होतं. काकांनी वाकून पाइपाभोवती स्वतः हात फिरवून पाहिला आणि जिना उतरताना म्हणाले, “आता आपलंही तसंच करून टाकू.”

दुसरंही एक कारण अनेक घरांत असतं. यंत्र विकत घेतलं जातं ते त्रास शिगेला पोचल्यावर, म्हणजे ऐन पावसाळ्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी ओसरलं की बरेच उंदीर आपणहून गल्लीत, बिळांत परततात. मग श्रेय यंत्राला जातं.

उपाय

उंदीर घरात राहत नव्हते, येऊन जात होते. म्हणून भोक भरदिवसा, ते बाहेर असताना बुजवणं हा सर्वांत सोपा आणि कुणाचाही जीव न घेणारा मार्ग होता. वहिनींना मी हेच सांगितलं की तुम्हाला जी अहिंसा हवी आहे, ती यंत्रात नाही, या सिमेंटमध्ये आहे.

पण बुजवणं नीट व्हायला हवं. फोमचा फवारा, कापडाचे बोळे, थर्माकोल, नुसती प्लास्टिकची चकती, हे सगळं उंदीर एका रात्रीत उकरतो. त्याचे पुढचे दात वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढतात, ते झिजवत राहणं त्याला भागच असतं. आम्ही सैल झालेलं प्लास्टर पूर्ण काढलं, पाइपाभोवतीच्या पोकळीत भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी दाबून भरली, वर पाव इंची जाळीचा तुकडा पाइपाच्या गोलाईत कापून बसवला आणि मग सिमेंट लावलं. साधी लोखंडी घासणी घ्यायची नाही, सिंकखालच्या ओलीने ती गंजून भुगा होते. मोरीच्या जाळीचा एक दांडा तुटलेला होता, ती जाळी बदलली. एक्झॉस्ट फॅनच्या झापा अर्धवट उघड्या राहत होत्या, त्यांच्या बाहेरून जाळी ठोकली. एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक जवळजवळ सगळ्या घरांत अर्धवट बुजवलेलं असतं. इथेही तसंच होतं, तेही भरलं.

साफसफाईबद्दल एक सूचना मी नेहमी थोडी कडक आवाजात देतो: लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. ब्लीचच्या पाण्याने आधी भिजवायच्या, हातमोजे घालून पुसून घ्यायच्या. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार, पसरतो, आणि २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात त्याने काय केलं ते इथल्या लोकांना आठवतं.

अन्नाची बाजू वहिनींनी आमच्यापेक्षा उत्तम सांभाळली. कांदे-बटाटे जाळीच्या झाकणाच्या टोपलीत गेले आणि टोपली जमिनीवरून वर आली. पीठ-तांदूळ पत्र्याच्या डब्यांत. खरकटं रात्री झाकणाच्या डब्यात. ओट्यावर राहणारं तेलाचं भांडंसुद्धा आत गेलं, कारण घरउंदराला तेलकट वास फार लांबून लागतो.

भोक बुजवल्यावरही पावडरचे पट्टे चालू ठेवले. आणि बरं झालं ठेवले, कारण सिंकखाली ठसे थांबले तरी फ्रिजमागे बारीक ठसे येत राहिले. एक उंदीर आत अडकला होता. त्याच्यासाठी साधा तारेचा पिंजरा भिंतीला लागून ठेवला, तोंड भिंतीच्या कडेने येणाऱ्या वाटेकडे. आमिष भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा. पहिले काही दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवलं, त्याने निर्धास्त येऊन खावं म्हणून. नव्या वस्तूची त्याची भीती जशी यंत्राच्या पथ्यावर पडली होती, तशी ती पिंजऱ्याच्या आड येते, आणि बहुतेक लोक पिंजरा लावून दोन रात्रींत वैतागून उचलतात. भीती मोडल्यावर दार सोडलं आणि तो अडकला. बादलीत बुडवून मारायची जी पद्धत आहे ती क्रूर आहे, ती मी कुठेच सुचवत नाही. घरच्यांच्या इच्छेनुसार त्याला मागच्या गल्लीतच सोडलं. दूर कुणाच्या वस्तीजवळ नेऊन सोडण्यापेक्षा हे बरं, कारण तो आला तिथूनच होता आणि आता आत यायला वाट नव्हती.

त्यानंतर या स्वयंपाकघरातले पट्टे कोरे राहिले. यंत्रं तेव्हा बंदच होती, ती काढून कपाटात टाकली होती.

दुसरा मजला

प्रकरण इथे संपलं नाही. काही दिवसांतच वरच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून तक्रार आली, आणि त्यांच्याही सिंकखाली तीच चकती, तेच उडालेलं प्लास्टर. पहिल्या मजल्यावरची वाट बंद झाल्यावर उंदीर त्याच पाइपाने एक मजला वर चढले होते. हे होऊ शकतं याची कल्पना मी सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच दिली होती, पण एका घराच्या तक्रारीवर अख्ख्या डक्टचं काम काढायला कमिटी राजी नव्हती. दुसरी तक्रार आल्यावर सभा बोलावली गेली.

सभेत प्रत्येक घराला एक यंत्र असा ठरावही एका सभासदांनी मांडला. तेव्हा मुलीची वही फिरवली गेली. तारखा, चालू-बंद, ठशांची चित्रं, शेंगदाण्यांचे आकडे, सगळं पेन्सिलीने नीट लिहिलेलं. लोकांनी ती वही खरोखर वाचली, आणि ठराव मांडणाऱ्यांनी तो मागे घेतला. त्याऐवजी डक्टला लागून असलेल्या सगळ्या स्वयंपाकघरांची पाइपाभोवतीची भोकं एकाच वेळी बुजवायची, तळाशी गटाराच्या तोंडांवर लोखंडी जाळ्या बसवायच्या आणि कचरा सकाळी गाडी येण्याच्या वेळेलाच खाली आणायचा, असं ठरलं. तळमजल्याच्या दुकानदारांनी धान्याची पोती भिंतीपासून हातभर पुढे, लाकडी फळ्यांवर घ्यायचं मान्य केलं आणि ते तसं केलंही. पोत्यांच्या मागे उंदरांची जी घरटी निघाली, ती पाहून त्यांनाच धक्का बसला.

सध्या अडचण आहे ती बंद घरांची. या इमारतीत तीन घरांना कुलूप आहे, मालक बाहेरगावी असतात. त्यांच्या भिंतींतली भोकं आतून बुजवता येत नाहीत. प्लंबरने डक्टच्या बाजूने पाहून सांगितलं आहे की बाहेरून झोपाळा सोडून काम करता येईल, पण पाइप ओले असताना नाही. दिवाळीच्या आधी तो येणार आहे. तोवर दोन्ही मजल्यांवरच्या घरांनी सिंकखाली पावडरचा पट्टा चालू ठेवायचा आणि ठसा दिसला की त्याच दिवशी फोन करायचा, एवढं ठरलेलं आहे.